माग सुरू झाला की नेट तुटतं: दुसरा राउटर घेण्याआधी

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात वडगावला दुमजली घर. खाली विजेवर चालणारे दोन माग, पुढच्या खोलीत फायबरचा डबा आणि त्याला जोडलेला राउटर. तिथून एक केबल जिन्याच्या बाहेरच्या बाजूनं माडीवर, मुलीच्या कॉम्प्युटरपर्यंत नेलेली. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण माडीवर ९५च्या पुढे आकडा जात नाही. शिवाय माग चालू असले की नेट मधेच तुटतं आणि मिनिटा-दोन मिनिटांनी आपलं आपण येतं. पावसाळ्यात हे वाढतं. राउटर नवा घेतला, फरक शून्य. कंपनीचा माणूस म्हणतो लाईन ठीक आहे, दुकानदार म्हणतो याहून भारी राउटर घ्या.

भारी राउटर आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे बिघाड एकत्र आलेत. वेग ९५वर अडकणं हा एक, माग चालू असताना तुटणं हा दुसरा. दोन्हींचं मूळ एकच असू शकतं, पण तसं धरून चाललात तर एक सापडल्यावर दुसरा तसाच राहील. म्हणून वेगवेगळे बघू.

आधी ९५चं. हा आकडा फार बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्ष हाताशी येणारा वेग साधारण ९४-९५च असतो, बाकीचा माहितीच्या पाकिटांच्या वेष्टनात जातो. म्हणजे वाटेत कुठेतरी एक दुवा १००वर चालतोय. लाईन खराब असती तर आकडा वर-खाली झाला असता. इतका नेमका एका जागी थांबला नसता. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड बघा. तिथं १००/१०० दिसलं तर कॉम्प्युटर ते राउटर हाच तुकडा अडलेला आहे. १०००/१००० दिसत असेल तर अडथळा राउटर ते फायबरचा डबा या तुकड्यात आहे.

आता दोन्ही टोकांची पोर्टं तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांवर वायफायचा आकडा ३०० किंवा १२०० असा मोठ्या अक्षरात असतो, पण वायरची पोर्टं १००चीच असतात. खोक्यावर ‘फास्ट इथरनेट’ किंवा ‘१०/१००’ असेल तर शोध तिथंच संपला. कंपनीनं दिलेल्या फायबरच्या डब्यावरही अनेकदा एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १०००चं, असतं आणि बाकीची १००ची. पोर्टाशेजारी जीई किंवा एफई अशी इंग्रजी अक्षरं बारीक छापलेली असतात, मोबाईलच्या टॉर्चनं बघा. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे फास्ट इथरनेट. राउटरकडे जाणारी वायर एफईमध्ये खुपसली असेल तर काढून जीईमध्ये लावा. कॉम्प्युटर जुना असेल तर त्याचं नेटवर्क कार्डही १००चं असू शकतं, तेही एकदा बघून घ्या.

सगळी पोर्टं गिगाबिटची निघाली तर संशय केबलवर येतो. केबलमध्ये पिळलेल्या चार जोड्या असतात. १००च्या जोडणीला दोनच जोड्या पुरतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली, तर बहुतेक कार्डं आधी गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमलं नाही की गुपचूप १००वर उतरतात. नेट चालू राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. काही कार्डांना मात्र हे उतरणं नीट जमत नाही. ती जोडतात, सोडतात, पुन्हा जोडतात. आपल्याकडे आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. कॅमेरे बसवायला आलेला माणूस त्याच केबलमधल्या दोन जोड्या कॅमेऱ्याला देतो आणि दोन कॉम्प्युटरला ठेवतो. चालतं, पण १००च्या वर कधीच जाणार नाही. कनेक्टरमध्ये चारच तारा दिसल्या तर हेच झालंय.

केबल दोषी आहे की नाही हे ठरवायची खात्रीची रीत साधी आहे. कॉम्प्युटर, किंवा कोणाचा लॅपटॉप, खाली राउटरशेजारी आणा आणि कारखान्यात तयार झालेल्या एक मीटरच्या पॅच कॉर्डनं, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेल्या छोट्या केबलनं, जोडा. तिथं १००० दिसलं आणि वेग १८०-१९० आला, तर राउटर, कार्ड, लाईन सगळे निर्दोष. जिन्यावरची केबल दोषी. तिथंही १००च आलं तर केबलला हात लावू नका, पोर्टांकडे परत या. एवढा एक तास घालवला की पुढचा खर्च वाचतो.

आता तुटण्याचं. तुम्ही स्वतःच प्रश्नात एक धागा दिलाय, बहुधा नकळत: नेट परत यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. केबल हलून सुटली असती तर ती परत टेकल्यावर पाच-दहा सेकंदांत सगळं सुरळीत झालं असतं. मिनिट-दोन मिनिटं लागतात तेव्हा बहुतेक वेळा राउटर किंवा फायबरचा डबा बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असतो, नाहीतर फायबरची लाईन तुटून पुन्हा जोडली गेलेली असते. माझा पहिला संशय विजेवर आहे.

पुढच्या वेळी तुटलं की माडीवर कॉम्प्युटरशी खटपट करत बसू नका, खाली येऊन दिवे बघा. राउटरचे सगळे दिवे विझून एकेक परत लागत असतील, किंवा मोबाईलमधून तुमच्या वायफायचं नावच गायब झालं असेल, तर राउटरची वीज गेली होती. राउटर शांत आहे पण फायबरच्या डब्याचे दिवे नव्यानं लागतायत, तर त्या डब्याची वीज गेली. दोन्हींचे पॉवरचे दिवे स्थिर आहेत, पण डब्यावरचा लॉसचा (एलओएस) दिवा लाल झाला किंवा पॉनचा (पीओएन) हिरवा दिवा लुकलुकू लागला, तर फायबर. आणि दोन्ही डब्यांवर सगळं जागच्या जागी, फक्त माडीच्या केबलच्या पोर्टाचा दिवा गेला, तर ती केबल. वाट बघत बसायचं नसेल तर माग मुद्दाम बंद-चालू करून दिव्यांजवळ कोणाला तरी उभं करा.

मागाच्या मोटरीनं केबलमधल्या सिग्नलमध्ये खरखर होते, म्हणून शील्ड, म्हणजे धातूचं वेष्टन, असलेली केबल टाका, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. पण केबलमधल्या जोड्या पिळलेल्या असतात त्या याच कारणासाठी. बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखी बसते आणि समोरच्या टोकाला वजा होते. मोटरीमुळे धड केबल तुटल्यासारखी वागणं फार क्वचित. जास्त वेळा घडतं ते असं: मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी चालू प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्या बोर्डावरचा व्होल्टेज क्षणभर पडतो आणि म्हातारा झालेला अ‍ॅडॉप्टर तेवढा धक्का सोसत नाही. आतले कपॅसिटर वाळलेले असतात. नवा अ‍ॅडॉप्टर हाच धक्का पचवतो.

मग नवा राउटर आणूनही फरक का पडला नाही? दोन शक्यता. राउटर नवा, पण भिंतीतला अ‍ॅडॉप्टर जुनाच ठेवला, कारण पिन बसली. हे फार होतं. किंवा बंद पडतोय तो फायबरचा डबा, आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर जोडणी घेतल्यापासूनचा आहे. मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून अ‍ॅडॉप्टर चांगला असं समजू नका, भार नसताना मेलेला अ‍ॅडॉप्टरही १२ दाखवतो. बदलूनच बघा. बदलताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्ट तेवढेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२चा लावला तर राउटर जाऊ शकतो. अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, म्हणजे १ अँपिअरच्या जागी १.५ चालतो, १.५च्या जागी १ नाही. आणि पिनची ध्रुवता, म्हणजे प्लस आत की बाहेर, सारखी हवी. दोन्हींवर वर्तुळ आणि ठिपक्याची खूण छापलेली असते, ती पडताळा.

खात्री करायची तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एक दिवस मागांच्या बोर्डावरून काढून वेगळ्या सर्किटवर, शक्यतो इन्व्हर्टरच्या लाईनवर ठेवा. दिवसभर माग चालवून एकदाही तुटलं नाही, तर कारण सापडलं. कायमचा उपाय म्हणून, डबे १२ व्होल्टचे असतील तर, १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस पुरतो, पण दोन डबे एकावर चालवायचे तर दोघांच्या अँपिअरची बेरीज त्याच्या क्षमतेत बसली पाहिजे. इन्व्हर्टरवर टाकूनही लाईट जाताना राउटर बंद-चालू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जायला तो जास्त वेळ घेतो.

इथं एक गोष्ट नेटच्या पलीकडची, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माग सुरू होताना घरातले दिवे किंचित मंद होणं समजू शकतं. पण काही खोल्यांतले मंद आणि काहींतले एकदम तेज होत असतील, तर न्यूट्रल सैल झालेली असू शकते. अशा वेळी घरातल्या कुठल्याही वस्तूवरचा व्होल्टेज दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. राउटर नंतर.

वीज निर्दोष निघाली तर दोन पिंग लावून ठेवा. पिंग म्हणजे समोरून उत्तर येतंय का हे बघणारी आज्ञा. ही परीक्षा माडीवरच्या कॉम्प्युटरवर करायची आणि त्या वेळी कॉम्प्युटरचं वायफाय बंद ठेवायचं. नाहीतर वायर तुटली की विंडोज गपचूप वायफायवर जातं आणि परीक्षेचा अर्थच राहत नाही. विंडोजमध्ये सीएमडीच्या, म्हणजे कमांड प्रॉम्प्टच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, पिंग लावा, दुसरीत बाहेर इंटरनेटवरच्या ८.८.८.८ला. पत्त्यानंतर एक जागा सोडून वजा चिन्ह आणि टी लिहिलं की थांबवेपर्यंत चालू राहतं. आज्ञा आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाकायचे. राउटरचा नेमका पत्ता आयपीकॉन्फिग या आज्ञेनं ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो. वायरवरून राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या तर दोष घरात आहे, राउटर किंवा केबल. पहिली चालू, दुसरी थांबली तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही चालू असूनही साइट उघडत नसतील तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा.

केबल बदलायची वेळ आलीच, तर थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे इथंच वाया जातात. जिन्याच्या बाहेरून गेलेली साधी राखाडी किंवा निळी पीव्हीसी केबल उन्हानं कडक होऊन तडकते. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस त्या तडीतून आत शिरतो आणि पाणी आवरणाच्या आतून सरकत सरकत थेट कनेक्टरपर्यंत येतं. पावसाळ्यात त्रास वाढतो म्हणालात, त्याचं कारण हे असू शकतं. खालचा कनेक्टर काढून पिना बघा. हिरवट किंवा काळपट झाल्या असतील तर केबल टाकून द्या, नुसता कनेक्टर बदलून भागणार नाही. बाहेरून न्यायची तर काळ्या पॉलिथिन आवरणाची, आउटडोअर म्हणून मिळणारी केबल घ्या. भिंतीच्या भोकातून आत जाण्याआधी ती भोकाच्या खाली झोळ देऊन मग वर वळवा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं, आत येत नाही. जमलं तर घराच्या आतूनच न्या.

घेताना शुद्ध तांब्याची मागा. सीसीए लिहिलेली केबल म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. सुरीनं तार खरवडली की पांढरी पडते, त्यावरून ओळखता येते. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कनेक्टरच्या तोंडाशी दोन-चारदा वाकली की तुटते. मागाच्या खोलीत भिंत आणि फळी दिवसभर थरथरत असते, तिथं तर ती टिकतच नाही. कॅट-५ई या प्रतीची केबल गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरेशी आहे. घरातल्या वीस-पंचवीस मीटरसाठी कॅट-६ हौसेनं घ्यायची तर घ्या, पण मग कनेक्टरही कॅट-६चेच घ्या. तिची तार जाड असते, ५ईच्या कनेक्टरमध्ये ती रेटून बसवली की संपर्क कच्चा राहतो.

कनेक्टर बसवताना क्लिप खाली, केबल आपल्या बाजूला धरा. डावीकडून रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. इथं एक चूक वायरमन मंडळी वारंवार करतात. हिरव्या जोडीच्या दोन्ही तारा शेजारी, मग निळ्या जोडीच्या दोन्ही शेजारी, असं नीटनेटकं लावतात. आठ दिव्यांचा टेस्टर सगळं बरोबर दाखवतो, कारण तो फक्त तार इथून तिथं पोचते का एवढंच बघतो. पण ३ आणि ६ नंबरच्या तारा आता वेगवेगळ्या पिळांतल्या असतात, मघाशी सांगितलेली वजाबाकी होत नाही, आणि तेव्हा मात्र मागाची मोटर खरोखर त्रास देऊ शकते. जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू नका. तारांची टोकं कनेक्टरच्या शेवटच्या भिंतीला टेकली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो. क्लिप तुटलेला कनेक्टर टेप लावून चालवू नका, मागांच्या घरात तर नाहीच.

आणि केबल मागांच्या विजेच्या तारांसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. खरखरीपेक्षा मोठं कारण सुरक्षिततेचं आहे: विजेच्या तारेचं आवरण उंदरानं कुरतडलं तर २३० व्होल्ट थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात येतील, तीन फेजची तार असेल तर फेजांमधले ४१५ही येऊ शकतात. वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

केबल शेजारच्या किंवा परसातल्या वेगळ्या इमारतीत न्यायचा विचार असेल तर तांबं नको, फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याच्या केबलची सांगड घालणारे डबे) घ्या. एप्रिल-मेच्या वळिवात दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेवर विजेचा धक्का येऊन दोन्ही टोकांची पोर्टं जातात, हा प्रकार खानापूरकडच्या विखुरलेल्या घरांत नेहमीचा. गडगडायला लागलं की अ‍ॅडॉप्टर काढता तशी लांबची केबलही पोर्टातून काढा.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी झटकन. कॉम्प्युटरला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. आधी केबल बघा, मग राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय. आणि फायबरचा डबा स्वतःही राउटरचं काम करत असेल आणि दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१च असेल, तर गोंधळ होतो. तुमच्या राउटरचा बदलून १९२.१६८.५.१ करा, किंवा राउटरचं डीएचसीपी बंद करून, त्याला डब्याच्या पट्ट्यातला मोकळा पत्ता देऊन, डब्याची वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा. कार्डाच्या गुणधर्मांत स्पीड आणि डुप्लेक्स मात्र ऑटोवरच असू द्या. एका टोकाला १०० फुल असं ठोकून बसवलं की दुसरं टोक हाफ, म्हणजे एका वेळी एकाच दिशेनं चालणं, धरतं, आणि वेग पार रसातळाला जातो.

दिव्यांवरून दोष फायबरचाच ठरला, तर कंपनीला ‘नेट तुटतंय’ एवढंच सांगू नका, कारण त्यांचा माणूस येतो तेव्हा ते चालू असतं. डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असा आकडा असतो, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचं माप, तो विचारा, किंवा तुमच्याकडे लॉगिन असेल तर स्वतः बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७च्या आसपास डबा काठावर असतो, जराशा ओलीनं किंवा वाकण्यानं तुटतो. कोरड्या दिवशी आणि मुसळधार पावसात, असा दोनदा तो आकडा टिपून ठेवा. फरक ३ डीबीच्या वर असेल तर बाहेरच्या जोडात पाणी आहे किंवा वायर कुठेतरी चिमटली आहे. घरातली फायबरची पिवळी किंवा पांढरी तार मागाच्या फळीमागे, खिळ्याला गुंडाळून ठेवली असेल तर आधी ती मोकळी करा. तिचा वळसा चहाच्या कपाच्या तोंडाहून लहान नसावा. हे दोन आकडे, तारीख-वेळ आणि लाल दिव्याचा फोटो तक्रारीसोबत दिलात, तर ‘लाईन ठीक आहे’ म्हणून तक्रार बंद करणं त्यांना जड जाईल.